पाऊल न विसरणारी माती

मातीविषयी मराठी माणूस दोन तोंडांनी बोलतो. एका तोंडाने तो तिला काळी आई म्हणतो, पेरणीआधी तिला नारळ वाहतो, परगावी निघालेल्या मुलाला गावच्या मातीची आठवण करून देतो. दुसऱ्या तोंडाने, भाव पडले की कांदा मातीमोल झाला म्हणतो, कुणी घोटाळा केला की त्याने माती खाल्ली म्हणतो, आणि काहीच मनासारखे झाले नाही की आयुष्याची माती झाली म्हणून कपाळावर हात मारून घेतो. आई म्हणजेही माती आणि कवडीमोल म्हणजेही मातीच! मात्र या दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. माती म्हणजे जिच्यात काहीतरी उगवते ती.

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे ग्रामीण शाखांत गेली. पीककर्जाच्या अर्जाला सातबारा जोडलेला असे आणि मागाहून जमिनीची पाहणी. भारी काळी, मध्यम, मुरमाड, बरड, चोपण, पोयट्याची अशी मातीची सारी जातकुळी त्या पाहण्यांत तोंडपाठ झाली. नावे अनेक, पण त्यामागचा प्रश्न एकच : हिच्यात काय पिकेल, आणि त्यातून कर्ज फिटेल का? निवृत्तीनंतर सवडीने वाचायला लागलो तेव्हा एक अशी माती समोर आली, की जिला हा प्रश्नच विचारता येत नाही. ती कधी पिकली नाही आणि पिकणारही नाही. तरी शास्त्रज्ञ तिला माती म्हणतात, तिचे प्रकार पाडतात, तिचे वय काढतात, आणि तिच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. ही माती आहे अंटार्क्टिकाची.

अंटार्क्टिका म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो अथांग बर्फ. ते खरेच आहे. सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरच्या या खंडाचा अर्धा टक्कादेखील भाग उघडा नाही. पण जो उघडा आहे, त्यातला सर्वांत मोठा तुकडा रॉस समुद्राच्या काठी, ७७-७८ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास आहे. त्याला मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या असे नाव आहे. टेलर, राइट आणि व्हिक्टोरिया या त्यांतल्या तीन मोठ्या दऱ्या. क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे आपल्या गोव्याहून थोडे जास्तच. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, वरून डोकावणाऱ्या हिमनद्या, आणि तळाला नुसते दगड, गोटे, वाळू. गवताची काडी नाही.

या दऱ्यांत पहिले मानवी पाऊल पडले ते डिसेंबर १९०३ मध्ये. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे दोन सहकारी, एव्हान्स व लॅशली, वरच्या बर्फाळ पठारावरून परतताना टेलर दरीत उतरले. बर्फाशिवाय दुसरे काही न पाहिलेल्या त्या तिघांना एकाएकी उघडी जमीन आणि वाहते पाणी दिसले. जिवंत मात्र काहीच दिसले नाही. एका सीलचा सांगाडा तेवढा आढळला. वाट चुकून समुद्रापासून दूर आत आलेले असे सील या दऱ्यांत ठिकठिकाणी पडलेले आहेत. कुजवायला ओल नाही, खायला कुणी नाही, म्हणून त्यांची कलेवरे शेकडो वर्षे तशीच सुकून राहिली आहेत.

एवढ्या बर्फाच्या शेजारी इतका कोरडेपणा आला कुठून? उत्तर डोंगरांत आहे. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग धरणाच्या भिंतीसारखी आडवी उभी आहे. तिने आतल्या प्रचंड हिमस्तराला अडवून धरले आहे. जी हवा पठारावरून खाली दऱ्यांत कोसळते ती उतरताना तापते आणि कोरडी होते. वर्षाकाठी जो काही बर्फ पडतो, त्याचे पाणी करून मोजले तर ते शंभर मिलिमीटरही भरत नाही. पुष्कळ ठिकाणी पन्नाससुद्धा नाही. माण-खटावसारख्या आपल्या दुष्काळी तालुक्यांतही वर्षाला चार-पाचशे मिलिमीटर पाऊस होतो, हे ध्यानात घ्या. शिवाय पडलेल्या बर्फाचे पाणी होतच नाही. देवघरातला कापूर जसा न वितळता हवेत उडून जातो, तसा हा बर्फ परस्पर उडून जातो. वर्षाचे सरासरी तापमान शून्याखाली वीस अंशांच्या आसपास. थंड वाळवंट हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. तो हिशेबाने आलेला आहे.

आता मूळ प्रश्न. या दगडगोट्यांना माती म्हणायचे का?

रशियाचे वासिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये आपल्या ग्रंथात माती ही स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, नुसता खडकाचा भुगा नव्हे, असे मांडले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले व अमेरिकेत काम केलेले हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये मातीचे पाच घटक सांगितले. मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ. या पाचांच्या संगनमताने माती घडते. यातला एक जरी बदलला तरी माती बदलते.

याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना खडक एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट. पण घाटावरच्या कमी पावसात त्याचीच चिकण काळी माती झाली, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. घाटमाथ्यावर आणि कोकणात, धो धो पावसाने विरघळणारे सगळे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. तो झाला तांबडा जांभा. आई एक, लेकरे दोन.

या बेसॉल्टचा एक नातेवाईक अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत आहे. तिथल्या कड्यांत फिकट वालुकाश्मामधून जाड काळे पट्टे दिसतात. ते डॉलेराइटचे आहेत. हा खडक बेसॉल्टच्याच कुळातला, वय सुमारे अठरा कोटी वर्षे. नाते आणखी जुने आहे. एकेकाळी भारत आणि अंटार्क्टिका गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात होते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्यांचे साथीदार बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सोळा किलो दगड सापडले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. चंद्रपूर भागातला आपला दगडी कोळसा त्याच गोंडवनकाळातला, त्याच वनस्पतीच्या जंगलांतून आलेला. उपाशी, थकलेल्या माणसांनी शेवटपर्यंत ओढत आणलेले ते ओझे आपल्याही पूर्वजन्माचे होते म्हणायचे.

म्हणजे खडक आहे. काळ तर मुबलक आहे. पण हवामानाने पाणी काढून घेतले आणि पाण्याबरोबर सजीवही जवळजवळ काढून घेतले. पाचांपैकी दोन घटक असे हात आखडून बसल्यावर काय घडते, हे पाहण्याची ही जगातली सर्वांत स्वच्छ प्रयोगशाळा आहे. न्यूझीलंडचे इयन कॅम्पबेल व ग्रॅम क्लॅरिज, अमेरिकेचे जेम्स बॉकहाइम यांच्यासारख्या मृदाशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे तिथे खड्डे खणून जे पाहिले, ते थक्क करणारे आहे. वरून मेलेली दिसणारी ती जमीन आतून फार हळू, पण बदलत असते.

वर पहिल्यांदा असते दगडांची फरसबंदी. वाऱ्याने बारीक रेती उडवून नेली आणि गोटे तेवढे शिल्लक राहिले. वाळूच्या माऱ्याने त्यांना पैलू पडलेले असतात. वरच्या अंगाला लोहाच्या गंजाची तपकिरी झिलई असते. ही फरशी उचलली की खाली सैल वाळू आणि खडे. जमीन नवी असेल तर त्यांचा रंग राखाडी. जितकी जुनी, तितकी ती पिवळसर, मग तांबूस होत जाते आणि तो रंग खोल उतरत जातो. आपल्याकडे एका पावसाळ्यात लोखंडी गज गंजतो. तिथे खडकातल्या लोहाला तेवढे गंजायला हजारो वर्षे लागतात.

रंगाखालोखाल महत्त्वाचे ते क्षार. वारा समुद्राच्या तुषारांतून मीठ आणतो. वातावरणातून नायट्रेट आणि सल्फेट झिरपतात. काही क्षार खडकातून सुटतात. आपल्याकडे पाऊस हे सारे धुऊन ओढ्यानाल्याला लावतो. तिथे धुणारे कुणी नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे असे मुदत ठेवीचे खाते आहे की ज्यात भरणा अगदी किरकोळ, पण लाखो वर्षांत एक पैसाही काढलेला नाही. कोवळ्या मातीत दगडांच्या पोटाला फक्त पांढरा लेप दिसतो. मग मातीत पांढरे ठिपके येतात. मग ठिपके मिळून थर होतो. आणि अगदी जुन्या मातीत तो थर सिमेंटसारखा घट्ट होतो. या पायऱ्यांवरून शास्त्रज्ञ मातीच्या वयाचा अंदाज बांधतात. काही उंच दऱ्यांतल्या जमिनी दशलक्षावधी वर्षांच्या आहेत. माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून हे पासबुक भरत आले आहे.

गंमत अशी की यांतल्या काही मातींत नायट्रेट भरपूर असते. ज्या नत्रासाठी आपला शेतकरी युरियाच्या गोणीपुढे रांग लावतो, ते नत्र तिथे फुकट पडून आहे. ते घेणारे मूळच नाही, कारण पाणी नाही. घरात धान्याची कोठारे आणि चुलीला विस्तव नाही, अशातली ही गत.

या मातीच्या खाली कायमची गोठलेली जमीन असते. उन्हाळ्यात वरचा थोडा थर शून्यावर जातो. किनाऱ्याकडे तो अर्ध्या मीटरच्या आसपास, तर उंचावरच्या आतल्या दऱ्यांत जेमतेम काही सेंटीमीटर. सैबेरियात किंवा अलास्कात गोठलेल्या जमिनीत बर्फ गच्च भरलेला असतो. इथे पुष्कळ ठिकाणी गोठायलाच पाणी नाही. जमीन शून्याखाली थंड, पण हाताने उकरली तर भुसभुशीत. याला कोरडी चिरगोठण म्हणता येईल.

सगळी अंटार्क्टिका मात्र एकसारखी नाही. किनाऱ्याजवळच्या मातीत साधे मीठ जास्त, आत सरकले की सल्फेट, आणि उंच पठाराकडे नायट्रेट. रॉस बेटावर अडेली पेंग्विनांच्या वसाहतींत तर वेगळाच संसार. हजारो पक्षी समुद्रातून मासे आणि क्रिल खाऊन येतात, त्यांची विष्ठा, पिसे, अंड्यांची कवचे जमिनीवर साचतात आणि फॉस्फरस-नायट्रोजनने भरलेली, उग्र वासाची माती तयार होते. तिला पक्षिजन्य माती असेच नाव आहे. उत्तरेला दक्षिण अमेरिकेकडे बोट दाखवणारे अंटार्क्टिक द्वीपकल्प त्या मानाने उबदार आणि ओले. संपूर्ण खंडावर फुले येणाऱ्या वनस्पतींच्या स्थानिक जाती फक्त दोन, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी बुटकी वनस्पती. त्या दोन्ही तिथेच आहेत. शेवाळ्याचे गालिचेही आहेत. तिथली माती तपकिरी, सेंद्रिय, आपल्याला ओळखीची वाटेल अशी. थोडक्यात, ओल आणि जीव जिथे जितका, तिथे माती तितकी आपल्या व्याख्येच्या जवळ.

ही व्याख्याच अखेर बदलावी लागली. मूळधारी वनस्पतींना आधार देणारी ती माती, असा जुना नियम होता. त्या हिशेबाने कोरड्या दऱ्यांत मातीच नव्हती. १९९९ मध्ये अमेरिकेच्या मृदावर्गीकरणाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा नियम रुंद करण्यात आला. वनस्पती नसल्या तरी ज्या जमिनीत काळाच्या ओघात ओळखता येण्याजोगे थर तयार झाले ती माती, असे ठरले. हे अंटार्क्टिकासारख्या भागांना डोळ्यांपुढे ठेवूनच झाले. गोठलेल्या मातींसाठी जेलिसॉल नावाचा स्वतंत्र वर्गही त्याच दशकात उघडला गेला. पिकत नाही म्हणून जी बेवारस होती, तिला उशिरा का होईना, कुळ मिळाले.

आणि ती अगदी निर्जीवही नाही. दऱ्यांच्या तळाशी मातीत एक मिलिमीटरहून लहान सूत्रकृमी राहतो. स्कॉटनेमा लिंडसेई त्याचे नाव. कोरड पडली की तो अंगातले जवळजवळ सगळे पाणी सोडून वेटोळे घालून पडतो. श्वास नाही, हालचाल नाही. पुन्हा ओल आली की हलू लागतो. जीवाणू आणि यीस्ट हे त्याचे खाद्य. आपल्या परसातल्या मातीत कृमी-कीटकांच्या शेकडो जाती असतात. तिथे सूत्रकृमींच्या दोनचारच. वाघ-सिंहाचे स्थान तिथे या केसाएवढ्या प्राण्याला आहे! वालुकाश्माच्या आत, पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, दगडफूल आणि शैवाल राहतात, हे इम्रे फ्रीडमन यांनी १९७० च्या दशकात दाखवले. काही उंच, अतिकोरड्या ठिकाणी मात्र जिवंत हालचालीचा मागमूसही लागलेला नाही. म्हणूनच मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्षार सापडला, आणि पाठोपाठ तो कोरड्या दऱ्यांच्या मातीतही आढळला.

आता त्या पावलाविषयी. आपल्या शेतात पाऊल उमटते आणि पहिल्या सरीत पुसले जाते. आपली माती क्षमाशील आहे. नांगर फिरतो, गांडूळ उकरते, मुळे धरतात, भेगा पडतात आणि बुजतात. कोरड्या दऱ्यांच्या मातीला विसरण्याचे एकही साधन नाही. दगडांची फरशी एकदा उलटली की खालची फिकट बाजू वर येते, ती पुन्हा तपकिरी व्हायला हजारो वर्षे लागणार. तिथे काही दशकांपूर्वी चाललेल्या माणसांच्या वाटा आणि वाहनांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. सांडलेले डिझेल खाऊन टाकणारे जीवाणू थंडीने आणि कोरडेपणाने हतबल असतात, म्हणून डागही तसाच राहतो.

न्यूझीलंडने राइट दरीत व्हांडा सरोवराच्या काठी १९६८-६९ च्या उन्हाळ्यात एक छोटे संशोधनकेंद्र बांधले होते. सरोवराला पाणी पुरवणारी ऑनिक्स ही अंटार्क्टिकातली सर्वांत लांब नदी, लांबी तीसेक किलोमीटर, वाहते ती उन्हाळ्याचे काही आठवडे, आणि तीही समुद्राकडे नव्हे, आत. सरोवराची पातळी वाढू लागली तेव्हा केंद्र पाण्याखाली जाण्याची चिन्हे दिसली. १९९० च्या दशकाच्या मध्यास ते उचलण्यात आले. नुसत्या खोल्या नाही, तर वर्षानुवर्षे सांडपाण्याने, तेलाने खराब झालेली मातीसुद्धा उकरून नेली. भाड्याचे घर सोडताना भिंतीतले खिळे काढणारेही आपल्याकडे विरळा. इथे तर खालची जमीनच धुऊन द्यायची पाळी आली.

१९९१ चा माद्रिद करार १९९८ पासून अमलात आहे आणि कोरड्या दऱ्यांना २००४ पासून विशेष व्यवस्थापनाचे क्षेत्र म्हणून संरक्षण आहे. आज तिथे काम करणारे ठरलेल्या पायवाटेनेच चालतात, आणि आपले मलमूत्रदेखील डब्यात भरून परत नेतात.

पण काही पावले वाट पाहून पडत नाहीत. २००१-०२ चा उन्हाळा तिथे असाधारण उबदार गेला. हिमनद्या वितळल्या, ओढे फुगले, सरोवरे चढली. लाखो वर्षे जागचे न हललेले क्षार ओलीबरोबर सरकण्याची ही सुरुवात ठरू शकते, हे अभ्यासकांच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षांत कोरडीला सरावलेल्या स्कॉटनेमाची संख्या घटली आणि ओल मानवणाऱ्या दुसऱ्या एका सूत्रकृमीची वाढली. इकडे दूर उष्ण देशांत जाळलेल्या तेला-कोळशाचा ठसा, बुटाशिवायच, तिथल्या मातीवर उमटू शकतो.

या कथेत आपणही आहोत. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आजही गोव्यात, वास्कोला आहे. १९८९ पासूनचे आपले मैत्री केंद्र शिर्माकर ओॲसिस या उघड्या टेकाडांच्या पट्ट्यात आहे. पस्तीसेक चौरस किलोमीटर जागा, शंभराहून जास्त लहानमोठी सरोवरे, काठाला शेवाळे आणि दगडफूल. कोरड्या दऱ्यांपेक्षा ही माती जराशी नशीबवान, पण तितकीच नाजूक.

संसदेने २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. तिथे काय करू नये याची यादी त्यात आहे. अणुस्फोट नको, किरणोत्सर्गी कचरा नको. आणि त्याच यादीत आहे, निर्जंतुक न केलेली माती नेणे. मी तो उल्लेख वाचला आणि थबकलो. अणुस्फोटाच्या पंक्तीला आपली माती! जिचा टिळा आपण कपाळाला लावतो, ती चिमूटभरही बुटाच्या तळव्याला चिकटून तिथे जाता कामा नये. कारण आपली माती कोट्यवधी जिवांनी गजबजलेली आहे, आणि तिथल्या मातीला पाहुणे सोसत नाहीत.

थोडा विचार केला तर हा आपल्या मातीचा अपमान नाही. तिच्या श्रीमंतीची कायद्याने दिलेली पावतीच आहे. अंटार्क्टिकाची माती सांगते की ओल आणि जीव नसेल तर लाखो वर्षांत खडकाचे काय होते : थोडा गंज आणि थोडे मीठ. आपल्या पायाखाली जे आहे ते त्या दोघांनी मिळून शतकानुशतके केलेले काम आहे, बोटभर थर जमायला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात. तो थर आपण वीटभट्टीला विकतो, बांध न घातल्यामुळे ओढ्याला सोडतो, अतिपाण्याने आणि अतिखताने चोपण करतो. क्षमाशील आहे म्हणून तिने आजवर आपली पावले पुसली. तिच्या विसरण्यालाही मर्यादा आहे, एवढे त्या दूरच्या, काहीही न विसरणाऱ्या मातीकडे पाहून आपल्याला उमगले तरी पुरे.